देवगडच्या पडवीतून कर्नलची टेस्ट

आईने वाडीत सांगून ठेवलं होतं की मुलगी सध्या एका कर्नलचं काम करते. आमच्याकडे मिलिटरीतली घरं बरीच, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. शेजारच्या काकांनी एकदा गडग्यापलीकडून विचारलंही, "खंयच्या रेजिमेंटचो?" मी "लिनक्स" म्हटलं, त्यांनी मान डोलावली आणि विषय संपला.

मी पुण्यातल्या एका कंपनीत नऊ वर्षं मॅन्युअल टेस्टिंग करते. बटण दाबायचं, काय होतं ते पाहायचं, नाही झालं तर तिकीट लिहायचं. सी भाषा डिप्लोमाला शिकले होते, तेवढीच. २०२५च्या फेब्रुवारीत बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून घरून काम मागून देवगड तालुक्यात माहेरी आले. संध्याकाळी सहानंतर वेळच वेळ. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, युनिट टेस्टची (कोडचा एकेक छोटा तुकडा सुटा तपासणाऱ्या चाचणीची) मदत लागते आणि त्यासाठी खास यंत्र वगैरे लागत नाही, एवढं कुठेतरी वाचलं होतं. तिथून सुरुवात. एक छोटी टेस्ट आत जायला एप्रिल ते जुलै लागले. त्यातला कोडचा वेळ फार तर आठ-दहा संध्याकाळींचा, बाकीचा कशात गेला ते लिहितेय. (आज्ञा आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत आहेत, टाइप अर्थातच इंग्रजीत करायची.)

आधी थोडं या प्रकाराबद्दल. कर्नल म्हणजे हार्डवेअर आणि आपले प्रोग्रॅम यांच्यामधला कारभारी. तो तपासायचा तर मशीन त्याच्यावर चालू करावं लागतं, चुकलं तर मशीनच बसतं. केयुनिट या युनिट टेस्टच्या साधनाने हे सोपं केलं. जानेवारी २०२०मध्ये आलेल्या ५.५ आवृत्तीपासून ते कर्नलच्या सोर्समध्येच असतं. युक्ती अशी, की 'यूझर मोड लिनक्स' नावाच्या प्रकाराने अख्खा कर्नल एखाद्या साध्या प्रोग्रॅमसारखा बांधला जातो, तुमच्याच लॅपटॉपवर चालतो, टेस्ट करतो आणि बंद होतो. रीबूट नाही, काही नाही. आठ जीबी रॅमच्या माझ्या जुन्या लॅपटॉपवर उबुंटू होतं, तेवढं पुरलं.

१२ एप्रिल, शनिवार. सोर्स उतरवायला बसले. गिट (कोड आणि त्याचा इतिहास सांभाळणारं साधन) वापरून केलेलं क्लोन, म्हणजे पूर्ण नक्कल, तीनदा तुटलं, एकदा तर सत्तर टक्क्यांच्या पुढे जाऊन. आणि गिट क्लोन तुटलं की पुन्हा पहिल्यापासून, मधून उचलत नाही. आमच्या घरात रेंज फक्त पडवीच्या एका कोपऱ्यात येते, तीही वारा पडला तर. कर्नलच्या अधिकृत साइटवर या दुखण्याचा उपाय आहे हे मला आठवड्याने कळलं. पूर्ण इतिहासाची एकच मोठी 'बंडल' फाइल तिथे ठेवलेली असते. ती डब्ल्यूगेट या फाइल उतरवायच्या आज्ञेला 'सी' लावून उतरवायची. तुटलं तर जिथे तुटलं तिथूनच पुढे सुरू होतं. मग त्या फाइलीतून क्लोन करायचं, रिमोटचा पत्ता बदलायचा आणि वरचं ताजं तेवढं ओढून घ्यायचं. मी दोन संध्याकाळी लॅपटॉप घेऊन सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर गेले. तिथे देवळाच्या कट्ट्यावर चार काड्या रेंज असते. डेटाच्या टॉप-अपचे शंभरेक रुपये गेले. काही जीबींचा मामला आहे. नुसतं चालवूनच पाहायचं असेल तर शेवटच्या आवृत्तीची दाबलेली फाइल खूप लहान असते, पण पॅच (कोडमधला आपला बदल) पाठवायचा तर इतिहास हवाच.

मग बांधणीला लागणारी पॅकेजं: कंपायलर, फ्लेक्स, बायसन, बीसी, एल्फ आणि एसएसएलच्या डेव्हलपमेंट लायब्ररी. यातलं काही राहिलं की पहिला बिल्ड (कोडची बांधणी) अगम्य चूक दाखवून थांबतो. चूक नीट वाचली तर बहुतेक वेळा हरवलेल्या पॅकेजचं नाव तिच्यात असतंच. मी वाचत नव्हते, घाबरत होते.

त्यानंतर सोर्सच्या मुळाशी उभं राहून टूल्स, टेस्टिंग, केयुनिट या फोल्डरातली केयुनिट डॉट पाय ही स्क्रिप्ट 'रन' म्हणून चालवायची. बस्स. कॉन्फिगरेशन, बांधणी, चालवणं, निकाल वाचून रंगवून दाखवणं, सगळं तीच करते. २२ एप्रिलच्या रात्री साडेदहाला पडद्यावर हिरव्या ओळी धावायला लागल्या. पास, पास, पास. बाबा पडवीत खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "ह्या पास झाला म्हणजे काय झाला गो?"

"म्हणजे बरोबर आहे."

"बाहेरसून बघून?" म्हणाले, आणि झोपायला गेले.

हापूसवाल्या घरातला माणूस असं का विचारतो ते आंब्याचा व्यवहार केलेल्यांना सांगायला नको. साका झालेला आंबा बाहेरून देखणा असतो. रंग, वास, वजन, सगळं जागच्या जागी. आत गर पांढरट, स्पंजासारखा. कापल्याशिवाय कळत नाही. ते वाक्य तेव्हा मी कानाआड केलं, जूनमध्ये पुन्हा आठवलं.

विषय निवडताना एकच पथ्य पाळलं. हार्डवेअरला हात लावायचा नाही. 'लिब' फोल्डर आणि हेडर फाइलींमध्ये शुद्ध गणिती तुकडे पुष्कळ आहेत. मी डिव्ह-राउंड-क्लोझेस्ट हा मॅक्रो (नाव देऊन ठेवलेला कोडचा छोटा तुकडा) धरला. भागाकार करून उत्तर जवळच्या पूर्णांकावर नेतो. पाच भागिले दोन, तीन. सात भागिले तीन, दोन. त्याच्यासाठी अंकांचा एक तक्ता करायचा (भाज्य, भाजक, अपेक्षित उत्तर) आणि प्रत्येक ओळ तपासायची. केयुनिटमध्ये तपासण्या दोन जातींच्या आहेत. 'एक्स्पेक्ट' चुकलं तरी टेस्ट पुढे चालू राहते, 'असर्ट' चुकलं की ती केस तिथेच थांबते. पॉइंटर (मेमरीतला पत्ता) मिळालाच नाही तर पुढे जाण्यात अर्थ नसतो, तिथे असर्ट. अंकांना एक्स्पेक्ट.

अक्षय्य तृतीयेच्या रात्री मला 'बग' सापडला. उणे पाच भागिले दोन, पण दोन हा 'अनसाइन्ड', म्हणजे उणे होऊच न शकणाऱ्या प्रकारातला. अपेक्षित उत्तर उणे तीन. आलं २१४७४८३६४६. लाल ओळ! मी त्या आकड्याकडे लॉटरीच्या तिकिटाकडे पाहावं तसं पाहत बसले. जगातल्या कोट्यवधी मशीनांवर चालणाऱ्या कर्नलमधली चूक, आणि ती मला. खरमरीत ईमेलही लिहायला घेतलं. ते अर्ध्यावर असताना लाईट गेली, ती सकाळी आली. सकाळी चहा घेताना हेडर फाइल पुन्हा उघडली, तर मॅक्रोच्या डोक्यावरच टिप्पणी होती: भाजक अनसाइन्ड आणि भाज्य उणे असेल तर उत्तराची हमी नाही. साध्या इंग्रजीत, किती वर्षांपासून. मी मॅक्रो वाचला होता, टिप्पणी सोडली होती. लाईट गेली नसती तर ते ईमेल गेलं असतं. आमच्या वायरमनला मी हे अजून सांगितलेलं नाही.

या फजितीने मी अशी हबकले की तक्त्यातल्या एक उणे-एक अधिक अशा सगळ्याच ओळी काढून टाकल्या. अधिक-अधिक ठेवलं, उणे-उणे ठेवलं. नसती भानगड नको. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कोडपेक्षा जास्त दिवस खाल्ले ते परवानगीने. प्रत्येक पॅचखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी ओळ लिहावी लागते. ती म्हणजे प्रतिज्ञापत्रच: हे काम मी केलं आहे आणि या लायसन्सखाली ते द्यायचा मला हक्क आहे. माझ्या नेमणूकपत्रात नोकरीच्या काळात लिहिलेलं सगळं कंपनीचं, अशा अर्थाचं कलम निघालं. २८ एप्रिलला एचआरला मेल केलं. उत्तर आलं, लीगलला विचारा. लीगलने विचारलं, मॅनेजरची हरकत नाही ना? मॅनेजर म्हणाले, मला काय, एचआरला विचारा. तीन आठवणपत्रांनंतर २० मेला दोन ओळींची लेखी परवानगी आली. तुम्ही नोकरीत असाल तर हे काम पहिल्या दिवशी सुरू करा, शेवटच्या नव्हे. आणि फोनवरच्या 'चालेल हो'वर विसंबू नका.

त्याच ओळीत नाव कोणतं लिहायचं हाही प्रश्न होता. आधारवर सासरचं, डिप्लोम्यावर माहेरचं, पॅनवर स्पेलिंग तिसरंच. कर्नलवाले दाखला मागत नाहीत. ओळख खरी हवी, निनावी चालत नाही, एवढंच. मी माहेरचं नाव लिहिलं. घरात याची वेगळी चर्चा झाली, ती इथे नको. गिटमध्ये नोंदवलेलं नाव आणि या ओळीतलं नाव अक्षरशः एक ठेवा, नाहीतर चेकपॅच टोकतं.

चेकपॅच म्हणजे पॅच पाठवण्याआधी चालवायची स्क्रिप्ट. ओळ किती लांब, टॅब कुठे, पहिल्या ओळीत लायसन्सची खूण आहे का, असं सगळं बघते. शाळेत वह्या तपासणाऱ्या बाईंसारखी. नवी फाइल घातली की 'मेंटेनर्सच्या (कर्नलचा एकेक भाग सांभाळणाऱ्यांच्या) यादीत बदल हवा का?' असंही विचारते. मी त्यापायी एक संध्याकाळ घालवली. तो बहुतेक वेळा नुसता प्रश्न असतो. पॅचचं वर्णन आज्ञार्थात लिहायचं असतं, 'मी टेस्ट घातली' नव्हे तर 'टेस्ट घाल'. कर्नललाच हुकूम सोडायचा. नव्या टेस्टसाठी फाइलीच्या नावाशेवटी अंडरस्कोर केयुनिट, मेकफाइलमध्ये (काय बांधायचं त्याची यादी) एक ओळ आणि केकॉन्फिगमध्ये (काय चालू-बंद करता येतं त्याची यादी) एक नोंद लागते. शेजारच्या टेस्टची नोंद उघडून तशीच करावी, स्वतःची अक्कल वापरू नये. कुणाला पाठवायचं ते 'गेट मेंटेनर' नावाची स्क्रिप्ट सांगते.

पाठवायचं ईमेलनेच आणि साध्या मजकुरात. ऑफिसचं मेल कामाचं नाही, कारण त्याच्या शेपटाला 'हा मजकूर गोपनीय आहे' असं आपोआप चिकटतं. मी जीमेल वापरलं. त्यासाठी आधी दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करायची, मग वेगळा ॲप पासवर्ड काढायचा आणि तो गिटला द्यायचा. उबुंटूवर गिटचा मेल पाठवणारा भाग वेगळं पॅकेज आहे, मला हे कळायला एक तास लागला. पहिला पॅच स्वतःलाच पाठवून पाहा. मी चार वेळा पाठवला. चौथ्यांदा विषयाच्या ओळीतली चूक दिसली.

२५ मे, रविवार. जूनची वाट न पाहता पाऊस त्या दिवशी देवगडला पोचला. बागेत शेवटचा माल झाडावर होता, दोन दिवस सगळं घर झेला (आंबे उतरवायची जाळी) आणि क्रेट घेऊन पळत होतं. सोमवारी रात्री अंग मोडून आलेलं असताना मी पॅच पाठवला. मग काहीच नाही. मंगळवार नाही, शुक्रवार नाही. दर तासाला सड्याकडे तोंड करून मेल उघडायचे. पहिल्याच वाक्यात काही मूर्खपणा केला असणार याची खात्री पटत चालली होती.

मूर्खपणा दुसराच होता. त्याच रविवारी लिनक्सचा जनक लिनस टॉर्व्हाल्ड्सने कर्नलची ६.१५ आवृत्ती जाहीर केली होती. आवृत्ती निघाली की पुढचे दोन आठवडे 'मर्ज विंडो' असते, म्हणजे मेंटेनर लोक आधी जमलेला माल पुढे धाडण्यात गुंतलेले असतात. तेव्हा नव्या माणसाचा नवा पॅच कोण बघणार? आमच्याकडे ऐन मे महिन्यात गाड्या भरताना कुणी नव्या कलमांची चौकशी करायला आला तर बाबा त्याला चहा देतील, बोलणार नाहीत. ही विंडो ८ जूनला बंद झाली. पाठवण्याआधी कॅलेंडर बघा. उत्तर आलं नाही तर निदान आठवडाभर थांबा असं कर्नलचे नियमच सांगतात, आणि मर्ज विंडोत त्याहून जास्त.

१२ जूनला उत्तर आलं. सात ओळी, त्यातल्या दोन 'धन्यवाद' आणि 'सुरुवात चांगली आहे' अशा. मुद्दा एकच: चिन्हं वेगवेगळी असतील तेव्हाचं काय? आणि जाता जाता, ही टेस्ट पडताना, म्हणजे नापास होताना, पाहिली आहे का?

नव्हती पाहिली. मॅक्रोत दोन वाटा आहेत. चिन्हं सारखी असतील तर भाजकाचं अर्ध मिळवतो, वेगळी असतील तर वजा करतो. मी दुसऱ्या वाटेतल्या वजाचं अधिक केलं, मुद्दाम, आणि टेस्ट चालवली. हेडर बदललं की जवळजवळ सगळं पुन्हा बांधावं लागतं, माझ्या लॅपटॉपवर बारा मिनिटं. बारा मिनिटांनी सगळं हिरवं. कर्नलमधला भागाकार मी स्वतःच्या हाताने मोडून ठेवला होता आणि माझी टेस्ट म्हणत होती, छान चाललंय. घाबरून ज्या ओळी काढल्या होत्या, नेमक्या त्याच हव्या होत्या. अनसाइन्ड भाजकाची ती एकच ओळ गैर होती, मी तिच्याबरोबर सगळं पीक कापलं होतं.

बाबा काठी टेकत आत आले, पडद्याकडे बघून म्हणाले, "पास?"

"पास. पण आत साका आहे."

"मगे? साको बघूक आंबो कापूचो लागता."

उणे पाच भागिले दोन, उणे तीन. पाच भागिले उणे दोन, तेही उणे तीन. उणे सात भागिले तीन, उणे दोन. या ओळी घातल्या, मोडलेल्या मॅक्रोवर चालवलं. लाल. उणे तीन हवे होते, उणे दोन आले. नऊ वर्षांच्या नोकरीत लाल ओळ बघून एवढं बरं कधी वाटलं नव्हतं. मग वजा जागच्या जागी ठेवला, पुन्हा बारा मिनिटं, हिरवं. तेव्हापासून माझी पद्धत ठरली आहे. कोड एकेका वाटेने मोडायचा आणि प्रत्येक वेळी कोणती ओळ ओरडते ते कागदावर लिहायचं.

जूनमध्ये लाईटचा भरवसा नसतो. लॅपटॉपची बॅटरीही तोवर मेलेली. एका रात्री बिल्ड चालू असताना लाईट गेली, आल्यावर बिल्ड पुढे चालू केला तर जोडणीच्या टप्प्यावर भलत्याच चुका. माझ्या कोडशी संबंध नसलेल्या फाइली रिकाम्या सापडत होत्या. अर्धवट लिहिलेल्या फाइली बिल्डला झालेल्याच वाटतात. बिल्डचं अख्खं फोल्डर (केयुनिट नावाचं, सुरुवातीला टिंब असलेलं, म्हणून लपलेलं) काढून टाका आणि नव्याने करा. मी मात्र आधी दोन दिवस स्वतःचाच कोड उलटापालटा करण्यात घालवले. छोटा यूपीएस कणकवलीहून आणला, १,४०० रुपये. या सगळ्या प्रकारातला सर्वांत मोठा खर्च तोच.

२१ जूनला दुसरी आवृत्ती पाठवली. विषयात 'व्ही टू', आणि काय बदललं ते तीन डॅशच्या ओळीखाली. तिथला मजकूर इतिहासात जात नाही, फक्त वाचणाऱ्यासाठी असतो. उत्तरं देताना मूळ मेलच्या वर लिहायचं नाही, ज्या वाक्याला उत्तर आहे त्याच्या खाली लिहायचं. ऑफिसच्या सवयीने माझ्याकडून एकदा उलट झालं. कुणी रागावलं नाही, पण पुढच्या मेलमध्ये समोरच्याने सगळं नीट खालीवर लावून दिलं, तेवढ्यात कळलं.

दोन दिवसांनी मेल आलं, माणसाचं नाही, कर्नल टेस्ट रोबोटचं. हा रोबोट येणारे पॅच उचलून नाना प्रकारच्या मशीनांसाठी बांधून बघतो. माझा पॅच ३२ बिटांच्या इंटेलवर जोडलाच जात नव्हता. मी हौसेने तक्त्यातले अंक 'लाँग लाँग' केले होते. ६४ बिटांच्या लॅपटॉपवर ते चालतं. ३२ बिटांवर एवढा मोठा भागाकार करायला कंपायलर एक मदतनीस फंक्शन मागतो, आणि कर्नल ते मुद्दाम देत नाही. तिथे मोठ्या अंकांसाठी वेगळी फंक्शनं आहेत. मला मोठे अंक नकोच होते. साधा इंट केला. आणि हे घरबसल्या आधी बघता आलं असतं: केयुनिटच्या स्क्रिप्टला 'आर्च' म्हणून आय-थ्री-एट-सिक्स सांगितलं की ती क्यूएमू या आभासी मशीनमध्ये ३२ बिटांचा कर्नल चालवून दाखवते. पाठवण्याआधी हे एकदा कराच. रोबोटचं मेल पाहून मला रडू आलं होतं, खोटं कशाला सांगू. जगभर सगळ्यांना दिसणाऱ्या यादीत माझ्या नावाखाली 'चूक' असं लिहिलेलं. नंतर जुनी मेलं चाळली तर कितीतरी वर्षं कर्नल लिहिणाऱ्यांनाही अशी मेलं गेलेली दिसली.

तिसरी आवृत्ती ६ जुलैला गेली, आषाढीला. एका हातात साबुदाण्याची खिचडी. १७ जुलैला मेंटेनरचं मेल आलं: 'रिव्ह्यूड-बाय' आणि पॅच त्यांच्या 'झाडात' (कर्नलच्या त्यांच्या प्रतीत) घेतल्याची एक ओळ. मी पडवीत गेले, पाऊस कोसळत होता, कुणाला सांगावं ते कळेना. आईला सांगितलं. तिने विचारलं, कर्नल खूश झाला का?

गणपतीला मुंबईहून चुलतभाऊ आला, तो प्रोग्रॅमर आहे. त्याने फोनवर माझी नोंद शोधून सगळ्यांना दाखवली. काकांनी विचारलं, "पैशे किती गावतले?" काही नाही म्हटल्यावर ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, मोदक घे.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एक अनोळखी मेल आलं. कुणीतरी नवख्याने माझ्या फाइलीत चार ओळी घातल्या होत्या आणि फाइलीवर नाव माझं म्हणून मला सीसीत ठेवलं होतं. पॅच उतरवला, चालवला. सगळं हिरवं. तक्ता दोनदा वाचला, चूक काही दिसली नाही. मेलचं उत्तर लिहायला घेतलं, त्याच्या तक्त्याखाली, वर नव्हे: छान आहे, धन्यवाद, आणि ही टेस्ट पडताना पाहिली आहे का?